भात्याचा हात

पेटी वाजवणाऱ्याकडे लोक बघतात ते त्याच्या उजव्या हाताकडे. सुरांवर धावतो तो उजवा. डावा मागे, भात्यावर. त्याचे कुणी कौतुक केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सुरतेच्या एका शाळेत वीस-एकवीस वर्षे मुलांकडून अलंकार घोकून घेताना मीही कधी त्याची दखल घेतली नव्हती. 2023 साली श्रावण दोन आले. त्यातल्या निज श्रावणात एका पहाटे डावा हात उठलाच नाही, तेव्हा घेतली.

पक्षाघात म्हटले की आपल्याकडे म्हातारा माणूस, घोंगडी आणि सुंठीचा लेप डोळ्यांसमोर येतो. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. हात गेला, पाय ओढू लागला, तोंड किंचित वाकडे झाले. वाचा मात्र शाबूत राहिली. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टराने माझा व्यवसाय विचारला आणि अगदी सहज सांगून टाकले, की विकार मेंदूच्या उजव्या बाजूचा आहे आणि स्वरांचा उंच-नीचपणा ओळखण्याचे बरेचसे काम त्याच बाजूला चालते. बिचाऱ्याला माहिती द्यायची होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. हाताचे दुःख राहिले बाजूला, कान गेला असेल तर काय, हा एकच विचार.

सकाळी सौ.ने फोनवरचा तंबोरा लावून उशाशी ठेवला. आमच्या घरात मूल पहिल्यांदा सुरात आले की नाही हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. तंबोरा छेडायचा आणि विचारायचे, ‘यात सा आणि पंचमाखेरीज आणखी कोण आहे?’ खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक उमटतो. कुणी वाजवत नाही, तरी असतो. तो ऐकू येईपर्यंत पुढचा धडा नाही. मी डोळे मिटून पडलो. पहिली काही मिनिटे नुसता गुंजारव. मग पंचम वेगळा झाला, जोड वेगळी झाली, आणि खर्जाच्या पोटातून हळूच तो वर आला. मी रडलो, हे लिहायला संकोच वाटत नाही.

पुढचे पाच महिने व्यायामाचे. पाय आधी परततो, हात मागाहून, आणि कधी परततच नाही, असे पहिल्या दिवशी सांगितले होते, तसेच झाले. मकरसंक्रांतीच्या सुमारास मी काठी घेऊन चालू लागलो. डाव्या हाताची बोटे मात्र मुठीत वळलेली ती तशीच.

बडोद्याहून भेटायला येणारे आप्त येताना भाकरवडी आणि कुमार गंधर्व घेऊन येत. ‘अहो, कुमारांनी एका फुप्फुसावर महाराष्ट्र जिंकला, तुमचा तर नुसता हात आहे!’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकले त्याची गणती नाही. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असे. पण उदाहरण द्यायचे तर पुरते द्यावे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा देवधरांकडे शिकून तेविशीतच देशभर गाजला, आणि 1947 च्या सुमारास क्षयाने अंथरुणाला खिळला. कोरडी हवा हवी म्हणून माळव्यातल्या देवासला गेला. गाणे बंद, बोलणेही जपून. स्ट्रेप्टोमायसिन नुकतेच आले होते म्हणून जीव वाचला. 1953 मध्ये ते पुन्हा गायला बसले. म्हणजे मध्ये पाच-सहा वर्षे गेली. आणि त्या वर्षांत पत्नी भानुमतींनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालवले. परतल्यावर ते पूर्वीसारखे गायले नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. श्वास पुरेल एवढे छोटे, टोकदार स्वरवाक्य, मग थांबणे, मग पुन्हा एक झेप. लोकांनी पुढे त्याला शैली म्हटले. मी त्याला तडजोड म्हणत नाही, पण शरीराशी केलेला करार म्हणतो. शिवाय कुमारांना हजेरीपटावर सही करायची नव्हती.

मला होती. जानेवारीत मी शाळेत गेलो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. सरकारी अनुदानावर चालणारी, जुनी, बऱ्यापैकी नावाजलेली शाळा. संगीताचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, कारण आवाजाचा त्रास इतर वर्गांना नको. उद्वाहक नाही. जिन्याला कठडा आहे तो डाव्या बाजूला. म्हणजे चढताना माझ्या नेमक्या निकामी हाताला. आचार्यांनी प्रेमाने बसवले, चहा मागवला. विश्वस्तांपैकी एक शेठ तिथेच होते. ते म्हणाले, ‘मास्तर, हवे आराम करो.’ आवाजात खरी माया होती. पण टेबलावर टंकलिखित कागद होता. प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती. तारीख तेवढी भरायची बाकी.

मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि ‘घरी विचारतो’ म्हणून उठलो.

इथे वडिलांची आठवण काढल्यावाचून गत्यंतर नाही. ते बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात होते. विशीत लागले आणि पाच-सहा वर्षांतच संस्थान विलीन झाले. त्यांच्या उतारवयात मी झालो, त्यामुळे त्या दिवसांच्या गोष्टी मला तिखटमीठ मुरल्यावर ऐकायला मिळाल्या. त्यातली एक चौघड्यावरच्या एका वृद्ध नगारेवाल्याची. त्याचे मनगट आखडले, टिपरू धरवेना. जमादाराने त्याच्या हाती झांज दिली आणि नगाऱ्यावर त्याच्या पुतण्याला बसवले. पगार तोच. वडील ही गोष्ट दरबारच्या थोरपणाची म्हणून सांगत आणि मीही लहानपणी तशीच ऐकली. आता ती ऐकली तर मी विचारीन, की जमादाराचे आणि त्या म्हाताऱ्याचे पटत नसते तर? 1 मे 1949 ला राज्य मुंबई इलाख्यात गेले आणि मायेचा तो सारा व्यवहार हळूहळू आटला. झांज, नगारा, सनई, सगळ्यांच्याच हातांत एकदम काही उरले नाही. मेहेरबानीचे असे असते. ती करणारा गेला की तिचा कागद कुठे सापडत नाही.

माझ्या खिशातला कागद मात्र उलट्या जातीचा होता. तो घेऊन मी ज्या वकील स्नेह्याकडे गेलो त्याने चष्मा पुसून पहिला प्रश्न केला, ‘शाळेला सरकारी अनुदान आहे ना? मग सही का करतोस?’

2016 चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. त्याच्या विसाव्या कलमात सरकारी आस्थापनांवर काही बंधने आहेत. आणि सरकारी आस्थापना या शब्दांत सरकारच्या मदतीवर चालणारी संस्थाही येते. नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आले तर त्याला काढून टाकता येत नाही, हुद्दा उतरवता येत नाही. ते काम त्याला झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या कामावर न्यावे लागते. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा जागा धरावी लागते. 1995 च्या आधीच्या कायद्यातही हे सत्तेचाळीसाव्या कलमात होते. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग या जवानाच्या खटल्यात त्याचा अर्थ निःसंदिग्धपणे लावला. त्या गृहस्थाचा पाय सेवेत असताना कापावा लागला होता आणि त्याला अपात्र ठरवून घरी पाठवले होते. निवृत्तिवेतन मिळते म्हणून हे संरक्षण नाही, असा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

माझ्या डोक्यात चाळीस टक्क्यांचे भूत होते. चाळीस टक्क्यांखालचा अपंग तो अपंगच नव्हे, असे कचेऱ्यांतून सर्रास सांगतात. वकिलाने ते उतरवले. चाळीसचा आकडा राखीव जागांसाठी आणि तशा सवलतींसाठी. नोकरी टिकवण्याच्या पोटकलमात तो नाहीच.

पण मला सर्वांत गोडी लागली ती ‘वाजवी सोय’ या कल्पनेची. संस्थेवर भलता बोजा न पडता करता येण्याजोगे आवश्यक आणि योग्य फेरफार, असा तिचा आशय. फेरफार कामाच्या रीतीत, जागेत, साधनात. माणसात नव्हे. तात्पर्य हे की मी तिसऱ्या मजल्यावर चढू शकतो का, हा प्रश्नच नाही. वर्ग खाली येऊ शकतो का, हा प्रश्न आहे. 2021 मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना फार विस्ताराने मांडली. त्यांना लिहिताना हाताला पेटके येत आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक हवा होता. चाळीस टक्क्यांचा हिशेब तिथेही आडवा आला होता आणि न्यायालयाने तो बाजूला सारला.

मग मी अर्ज लिहायला बसलो, आणि अडलो. काय मागायचे? जागा खाली हवी, हे सरळ. दोन तासांच्या मध्ये अर्धा तास विसावा हवा. प्रार्थनेला उभ्याने पेटी वाजवण्यातून सुटका हवी. पण पेटीचेच काय? भात्याला हात नाही. डाव्या हाताशिवाय पेटी म्हणजे श्वासाशिवाय गळा.

फेब्रुवारीचा एक महिना मी रजेवरच होतो, पण घरी येणाऱ्या मुलांना शिकवू लागलो होतो. तेव्हा एक मूल भाता मारी आणि मी वाजवी. दोन जिवांनी एका पेटीत श्वास घ्यायचा हे बोलायला सुंदर आहे, ऐकायला नाही. मी तान घ्यावी आणि त्याचे लक्ष खिडकीबाहेरच्या पतंगाकडे जावे, सूर लटपटे. तरी ‘आज भाता माझा’ म्हणून मुलांत भांडणे होत.

उत्तर मला सापडले ते पेटीच्याच इतिहासात. आपण हिला अस्सल देशी वाद्य समजतो. तिचा जन्म पॅरिसचा; 1842 च्या सुमारास द बॅं या कारागिराने तिचा हक्क नोंदवला. ती होती पायाने चालणारी, खुर्चीवर बसून वाजवायची. दोन्ही हात सुरांवर. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारे लोक. मांडी घातल्यावर पाय कुठून चालणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी भाता पायातून काढून पाठीमागे आणला, पाय कापून टाकले, आणि हातपेटी झाली. म्हणजे आज आपण जिला पेटी म्हणतो ती मुळातच एक वाजवी सोय आहे! संबंध देशाच्या बैठकीसाठी केलेली. (या पाहुणीला आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षे दाराबाहेर उभे केले होते, ही कथा वेगळी. अपात्र ठरवले जाणे हा तिलाही नवा अनुभव नाही.)

मग उलटा प्रवास का करू नये? आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनी तर पायपेटी आणि ऑर्गन कधी सोडलेच नव्हते. बडोद्याला दांडिया बाजारातल्या एका वाड्यात, माळ्यावर, उंदरांनी अर्धवट कुरतडलेली पायपेटी होती. घरच्या आजीबाईंनी ‘कुणी वाजवणार असेल तर घेऊन जा’ म्हणून दिली. तिला टेंपोत घालून सुरतेला आणली. पॅरिसच्या विटगेन्स्टाइनची गोष्ट मला तेव्हा आठवली, आणि लगेच चूक सुधारतो, ते व्हिएन्नाचे. पाउल विटगेन्स्टाइन या पियानोवादकाचा उजवा हात 1914 च्या युद्धात गेला, तेव्हा त्याने राव्हेलसारख्या रचनाकारांकडून एकट्या डाव्या हातासाठी रचना लिहवून घेतल्या. बापजाद्यांचे पोलादाचे कारखाने असले की संगीतही बेतून घेता येते. आमच्याकडे टेंपोचे भाडे होते.

पायपेटीचा भाता फाटलेला, आणि पॅडलचे पट्टे कुजलेले. इथे माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पुढे आले. मूळचे खानदेशचे, लिंबायतला राहणारे, लूमखात्यातले कारागीर. सुरतेत असे आपले मराठी लोक लाखांनी आहेत हे बडोद्याच्या वाड्यांतून फारसे कुणाला ठाऊक नसते. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. शनिवारी रात्री हे गृहस्थ भजनी मंडळात तबला वाजवीत. ‘वाजवीत’ म्हणतो, कारण सहा वर्षांपूर्वी खात्यात त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटे गेली.

ते येऊन गेल्यावर मी कुतूहलाने 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा तक्ता काढून पाहिला. बोटांच्या किमती तिथे टक्क्यांत दिलेल्या होत्या. कमाईची शक्ती किती गेली म्हणून समजायचे, त्याचे आकडे. अंगठा तीस. तर्जनी चौदा. मधले बोट बारा. अनामिका सात. एका हाताची दोन बोटे मिळून वीस. अनामिकेला सात टक्के! तबल्यावर ‘ना’ काढायचा तर तर्जनी किनारीवर पडते खरी, पण शाईच्या कडेशी अनामिका हलकेच टेकलेली नसेल तर तो ‘ना’ होतच नाही, नुसता टपला होतो. तक्ता करणाऱ्याने लूम पाहिला असेल, तबला पाहिला नसेल.

त्यांना ते वीस टक्केही मिळाले नाहीत. नेमणुकीचा कागद नव्हता. आपण तिथे कामाला होतो हेच सिद्ध करता येईना. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला आणि पुढे बॉबिन भरायला ठेवले, निम्म्या मजुरीवर. वरकरणी तीही सोयच. मी त्यांना माझ्या कलम विसाची हकिकत मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, आणि म्हणाले, ‘गुरुजी, तुमचं खातं सरकारी आहे.’ यापुढे मला बोलता आले नाही. कारण त्यांचे खरे होते. नोकरी टिकवण्याची ती सक्ती सरकारी आणि अनुदानित संस्थांपुरती. खासगी मालकाने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे त्याच कायद्याचे पुढचे कलम सांगते. पण ज्या खात्यात हजेरीचा कागद नाही तिथे धोरणाचा कुठून असणार? माझ्या वडिलांच्या गोष्टीतला झांजवाला आणि हे गृहस्थ यांच्यामध्ये पाऊण शतक गेले आहे.

त्यांनी भाता शिवला, कापडावर रबराचे ठिगळ लावले. माझा डावा पाय ओढतो, पॅडल आळीपाळीने चालवता येत नाही, म्हणून डावे पॅडल सोडून दिले आणि उजव्याला लूमवरचा जुना पट्टा चढवला. हे सगळे त्यांनी तीन बोटांनी केले. मी पैसे विचारले तर मुलाच्या फीचा विषय काढून हसले.

अर्ज मी गुजरातीत दिला, पोच घेतली. वकिलाने एवढेच बजावले होते, की रागाचा एक शब्द नको आणि पोचेशिवाय एक कागद नको. तीन आठवडे उत्तर नाही. मग आचार्यांनी बोलावले. शेठ या वेळी माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत बोलले. त्यांना मी अविश्वास दाखवला असे वाटत होते. मला त्याचे वाईट वाटले, आजही वाटते. चहा आला नाही. मात्र कागद आला. वर्ग तळमजल्यावर नेण्यास हरकत नाही. स्वतःचे वाद्य स्वखर्चाने आणण्यास हरकत नाही. प्रार्थनेच्या वेळी विद्यार्थ्याकडून वाजवून घ्यावे. मधल्या विसाव्याबद्दल वेळापत्रकाच्या अडचणीमुळे विचार करता येत नाही. व्यवस्थेचा दर जूनमध्ये फेरआढावा घेण्यात येईल.

‘हरकत नाही’ आणि ‘देण्यात येत आहे’ यात फरक आहे, असे वकील म्हणाला आणि विसाव्यासाठी दुसरा अर्ज करायला लावला. तो अद्याप पडून आहे. आतापर्यंत दोन जून गेले. प्रत्येक मे महिन्यात मला झोप कमी लागते.

तळमजल्यावरची खोली पाण्याच्या टाकीला लागून आहे. साडेअकराला मोटार सुरू होते आणि काळी एकच्या किंचित खाली एक अखंड सूर धरते. पहिल्या आठवड्यात मी वैतागलो. आता त्या तासाला मोटारीलाच षड्ज मानून गळे लावून घेतो. सहावीच्या एका मुलीने परवा विचारले, ‘सर, मोटारीत गंधार आहे का?’ मी म्हटले, ऐक आणि तूच सांग.

पायपेटी आली तेव्हा मुले हिरमुसली होती. भात्याची पाळी गेली ना. म्हणून गुरुवारी जुनी हातपेटी काढतो. एक मूल मागे बसते, भाता मारते, आणि मी उजव्या हाताने वाजवतो. सूर अजून लटपटतो.